रकाना क्रमांक सात

एका रविवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी पाच फूट पंखांचं एक पिवळं विमान पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात नाकावर आपटलं. विमानात कोणी नव्हतं. खालीही कोणी नव्हतं. काही मुंग्या दगावल्या असतील, पण त्यांच्या नातेवाइकांनी तक्रार केली नाही. हौशी विमान मंडळात अशा घटना दर रविवारी घडत आणि त्यांचा कुणी बाऊ करत नसे. बाऊ करण्यासाठी मंडळाकडे अपघात नोंदवही होती.

विमान बाजारातल्या चष्मेवाल्याचं होतं. बावीस वर्षं लोकांच्या डोळ्यांतला दोष पाव नंबरापर्यंत हुडकण्यात गेल्यामुळे, स्वतःचा दोष दिसला की तो चटकन बोलून मोकळा व्हायची त्याला सवय होती. दुकानात ती खपून जाई. मैदानात त्याने विमान दुरून चालवायचा ट्रान्समीटर गळ्यातून काढला, झुडपात जाऊन विमानाचे चार तुकडे गोळा केले आणि परत येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, “माझी चूक झाली. विमान समोरून येत होतं, मी दांडी उलटी लोटली.”

खुर्च्यांवरच्या दोघांनी आपापली खुर्ची मागे सरकवली.

आता यात तसं नवीन काही नव्हतं. विमान आपल्यापासून दूर जात असतं तेव्हा त्याचं डावं ते आपलंही डावं. तेच वळून आपल्याकडे यायला लागलं की त्याचं डावं आपल्या उजवीकडे येतं, आणि माणूस गडबडला की अंगठा नको तिकडे जातो. मंडळातल्या तेवीसही सदस्यांना हे तोंडपाठ होतं आणि तेवीसही अंगठे हे दर रविवारी विसरत. पण अकरा वर्षांत तसं मोठ्याने कोणी म्हटलं नव्हतं.

मंडळाचे चिटणीस दातांचे डॉक्टर होते. त्यांनी चष्मेवाल्याला हळूच बाजूला घेतलं. “तुम्ही घाबरलाय,” ते म्हणाले. “पाणी प्या. मग रकाना भरू.”

नोंदवहीतला रकाना क्रमांक सात म्हणजे अपघाताचं कारण. त्यात चार पर्याय छापलेले होते: (अ) वारा, (ब) सिग्नल, (क) बॅटरी, (ड) पक्षी. आजवर झालेले दोनशे चौदा अपघात या चार जणांनी मिळून केले होते. त्यात सिग्नलचा हात सर्वांत मोठा. ज्या दिवशी झाडाचं पानही हललं नव्हतं त्या दिवसाचे अपघातही वाऱ्याच्या नावावर होते, पुढे शेरा होता, ‘वारा अचानक थांबल्याने’.

“यात माझं कारण नाही,” चष्मेवाला म्हणाला.

“नसतंच. म्हणून तर जवळचं निवडायचं. सिग्नल लिहू का? सिग्नल दिसत नाही, त्यामुळे त्याची कधी तक्रार येत नाही.”

“पण सिग्नल ठीक होता, डॉक्टर. मीच चुकलो.”

डॉक्टरांनी किडलेली दाढ पाहावी तसं त्याच्याकडे पाहिलं आणि रकाना कोरा ठेवून वही मिटली. मंडळाच्या इतिहासातला तो पहिला कोरा रकाना.

घरी चष्मेवाल्याने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तुकडे मांडले. आई समोर येऊन बसली. तिचं वय त्र्याऐंशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाच झाला होता आणि मुलाने स्वतःच्या हाताने केलेला नवा चष्मा तिच्या नाकावर होता. त्या चष्म्यातून तिला आता सगळंच दिसायला लागलं होतं, आणि घरात सर्वांची पंचाईत झाली होती.

आठ संध्याकाळी दोघं खपले. तो मोडलेल्या पंखाच्या फासळ्या हलक्या लाकडातून कापून देई, ती बारीक कागदाने घासून गुळगुळीत करी. पिवळं प्लॅस्टिकचं आवरण इस्त्रीने पंखावर ताणून बसवताना ती इस्त्री त्याच्या हातातून काढून घेई, कारण त्याच्या हातून आवरणाला सुरकुत्या पडत. काम करता करता आपला अंगठा उलटा कसा गेला, हेही त्याने तिला ट्रान्समीटरवर करून दाखवलं. नवव्या संध्याकाळी विमान पुन्हा अखंड उभं राहिलं.

“विमान उडतं असं तू पाच वर्षं सांगतोयस,” आई म्हणाली. “मी ते फक्त पोत्यातून घरी येताना पाहिलंय. यंदा तुमचं ते वार्षिक प्रदर्शन आहे ना, मला ने.”

“पुढच्या वर्षी नेलं तर? अजून डोळे जपायचेत.”

“पुढच्या वर्षीचं वचन मी आता कुणाला देत नाही,” ती म्हणाली आणि टेबलावरचा भुसा पुसायला लागली. चष्मेवाल्याने तिच्या हातातलं फडकं घेतलं. तो म्हणाला, नेतो.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रदर्शनाचा अर्ज दिला, तो तासाभरात परत आला. कारण स्पष्ट होतं. रकाना सात कोरा असल्याने अपघाताचं प्रकरण बंद झालेलं नव्हतं. प्रकरण बंद झाल्याशिवाय दुरुस्तीची परवानगी नाही. परवानगीशिवाय दुरुस्ती होऊ शकत नाही, म्हणजे ती झालेली नाही. कागदोपत्री त्याचं विमान अजून झुडपातच पडलेलं होतं.

“अहो, हे काय मग?” चष्मेवाल्याने विमान उचलून दाखवलं.

“तेच विचारायचं होतं,” डॉक्टर म्हणाले. “हे कुणाचं? कारण हे नोंदलेलं नाही.”

प्रकरणाचा सोक्षमोक्ष लावण्यासाठी तीन सदस्यांची चौकशी समिती नेमण्यात आली. समितीने प्रथम साक्षीदार बोलावले. अपघाताच्या क्षणी सर्वच सदस्य बुटाची नाडी बांधत असल्याचं निष्पन्न झालं. मग समितीने प्रात्यक्षिक ठेवलं. डॉक्टर दोन्ही हात पंखांसारखे पसरून पन्नास पावलांवरून चष्मेवाल्याच्या दिशेने चालत यायचे, मध्येच एका बाजूला कलायचे आणि चष्मेवाल्याने बंद ट्रान्समीटरची दांडी लोटायची. असं दहा वेळा झालं. डॉक्टरांना धाप लागली. चष्मेवाल्याचा अंगठा मात्र दहाही वेळा अचूक गेला, कारण डॉक्टर कुठे आपटतील अशी त्याला धास्ती नव्हती.

समितीचा अहवाल चार पानी होता. शेवटचं वाक्य असं: ‘सदर सदस्यास पुरेशी संधी देऊनही त्यांस चूक करता आली नाही, सबब चूक करण्यास ते अपात्र असून त्यांचा दावा फेटाळण्यात येत आहे.’

त्या संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष स्वतः चष्म्याच्या दुकानात आले. वजनमापांच्या कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना सगळे साहेब म्हणत. त्यांनी दुकानाचं दार आतून लोटून घेतलं आणि नंबर तपासायच्या खुर्चीत बसले.

“तुम्ही प्रामाणिक आहात,” साहेब म्हणाले. “मला त्याबद्दल आदर आहे. पण जरा दुसऱ्यांचाही विचार करा. उद्या रकान्यात (इ) सदस्याची चूक असं छापलं, तर दोनशे चौदा प्रकरणं पुन्हा उघडतील. डॉक्टरांचं विमान माझ्या गाडीच्या काचेत घुसलं होतं, आठवतं? सिग्नल गेला म्हणून आम्ही आजही एका ताटात जेवतो. उद्या कळलं की अंगठा चुकला, तर मी त्यांच्याकडे दात दाखवायला कुठल्या तोंडाने जाऊ?”

“पण साहेब, तुम्हाला तर माहीत आहेच ना, अंगठाच चुकला होता ते?”

“माहीत असणं वेगळं आणि नोंद असणं वेगळं. तीस वर्षं नोकरी केली मी.” साहेब उठले. “बाकी तुमची मर्जी. तुमच्या आई येणार आहेत म्हणे. त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय. मुलाचं विमानच नसेल, तर काय बघतील त्या?”

चष्मेवाल्याने समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याचा दिवा मालवला. मग त्याने नोंदवही मागवली आणि (ड) वर खूण केली. वारा आणि सिग्नल बिचारे आधीच लोकांच्या पापांखाली वाकले होते, पक्ष्यावर त्यामानाने भार कमी होता, असं त्याने मनाला समजावलं. पण पक्ष्यासाठी वेगळं पुरवणी पत्रक असतं, त्यात जात, रंग आणि येण्याची दिशा भरावी लागते. त्याने कावळा, काळा, पश्चिम असं लिहिलं. एकदा खोटं लिहायला घेतलं की तपशील भराभर सुचतात, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

प्रकरण बंद झालं. विमान झुडपातून कागदोपत्री बाहेर आलं, कागदोपत्री दुरुस्त झालं आणि प्रदर्शनाच्या यादीत चौथ्या क्रमांकावर लागलं.

रविवारी आई पहिल्या रांगेत, उडवणाऱ्यांच्या जागेपासून चार हातांवर बसली. चौथा पुकारा झाला: ‘पक्षी धडकून पडलेलं, नियमानुसार दुरुस्त झालेलं विमान.’ पिवळं विमान गवतावरून धावलं, उचललं गेलं आणि टाकीच्या वरून ऐटीत वळलं. उन्हात त्याच्या पंखाचं आवरण चमकलं, आणि त्यात एकही सुरकुती नव्हती. आईने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. विमान समोरून यायला लागलं तेव्हा चष्मेवाल्याचा अंगठा नीट गेला आणि विमान अलगद उतरलं.

“उडतं की रे,” आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि चष्मा पुसावा लागला. चष्मेवाल्याला वाटलं, एका कावळ्याच्या बदल्यात हे फार स्वस्तात मिळालं.

शेवटी साहेबांचं विमान. नऊ फुटी, चार महिने खपून केलेलं, लाल. ते आभाळात फिरलं तसे सगळे उभे राहिले. मग ते वळलं आणि थेट लोकांच्या दिशेने येऊ लागलं. त्याचा एक पंख कलला. आभाळाकडे न पाहता साहेबांच्या हाताकडे पाहणारी तिथे एकच व्यक्ती होती.

“अहो,” आई शांतपणे म्हणाली, “उलटं लोटलंत तुम्ही. आमचाही असंच करतो.”

लाल विमान चहाच्या टेबलावर उतरलं. कुणाला लागलं नाही. बावीस सदस्य बुटांच्या नाड्या बांधू लागले.

त्या दिवशी नोंदवही भरायची पाळी चष्मेवाल्याची होती. डॉक्टरांनी वही त्याच्यापुढे धरली. साहेब शेजारी उभे होते, शर्टावर चहा सांडलेला.

“वारा नव्हता,” साहेब म्हणाले. “सिग्नल मी स्वतः तपासला होता. बॅटरी नवी. पक्षी एकही नाही. मी अंगठा बरोबरच नेत होतो. मध्येच कानावर बोलणं आलं.” त्यांनी शर्टावरची चहाची पत्ती झटकली. “चष्मेवाले, तुमचं अक्षर छान आहे. (इ) घाला.”

चष्मेवाल्याने खुर्च्यांकडे पाहिलं. आई त्याच्या विमानाच्या पंखावरून पदराने धूळ पुसत होती. लिहायचं नाही म्हटलं, तर चौकशी. चौकशी म्हटली, की कावळाही निघणार. त्याने टोपण काढलं आणि छापील चार पर्यायांखाली सुंदर अक्षरात पाचवा लिहिला: (इ) प्रेक्षक.

परतताना आईने विचारलं, “काय लिहिलंस रे वहीत?”

“नाव नाही घातलं तुझं,” तो म्हणाला.

आईने पर्सचा बंद सरळ केला. घराच्या वळणावर आल्यावर म्हणाली, “तुझा तो पक्षी कुठला होता?”

“कावळा.”

“हं,” आई म्हणाली आणि नवा चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

पुढच्याच बैठकीत ठराव झाला. प्रेक्षकांनी यापुढे चाळीस फुटांवर दोरीमागे बसावं, केवळ आभाळाकडे पाहावं, सदस्यांच्या अंगठ्यांकडे पाहू नये, आणि काही दिसलंच तर ते घरी जाऊन विसरावं. तेव्हापासून मंडळाच्या अपघातांत वारा आणि सिग्नल यांचं नाव क्वचितच येतं. पाचवा पर्याय सर्वांना फारच सोयीचा पडला आहे.

ही गोष्ट नोंदवहीत जशी आहे तशीच लिहिली आहे. तरी वाचताना ती कुठे आपटल्यासारखी वाटली, तर लेखकाला दोष देण्याची घाई करू नये. तुम्ही पहिल्या रांगेत, फार जवळ बसला होतात. रकाना क्रमांक सात भरून ठेवलेला आहे.