नाकाचं वजन, साताऱ्याच्या दिशेने

आमच्या कॅरॅव्हानचं नाक साताऱ्याकडे तोंड केलं की जड होतं.

एरवी साठ किलो भरतं. कॅरॅव्हान म्हणजे जीपमागे जोडायचं चाकांवरचं घर, आणि त्याचा पुढचा दांडा जीपच्या हुकावर जेवढा भार टाकतो ते नाकाचं वजन. पंचाहत्तरच्या वर गेलं की घाटाच्या चौकीवर सोडत नाहीत. हे गेल्यापासून मी याच घरात राहते, हिवाळा वेळणेश्वरला काढते, जीप मीच चालवते. माझं काही अडत नाही. अडतं माझ्या मुलाचं, श्रीरंगचं. साताऱ्याला माझ्यासाठी खोली रंगवून तो मला न्यायला आला होता.

चौकीवरच्या थोरवेसाहेबांनी चाकांना दगड लावले. माझाच वजनकाटा दांड्याखाली सरकवला, त्यावर लाकडी ठोकळा ठेवला आणि नाक टेकवलं. एकशे तीस.

"आई, काय काय भरलंयस यात?" श्रीरंग वैतागला. त्याने सिलिंडर उतरवला, पाटा-वरवंटा उतरवला, माझा गवती चहासुद्धा कुंडीसकट उतरवला. एकशे तीस.

"पाटा आत ठेव आधी," मी म्हटलं. "त्याने काय घोडं मारलंय तुझं?"

साहेबांनी गाडी वळवायला सांगितली. समुद्राकडे तोंड केल्यावर साठ. पुन्हा साताऱ्याकडे, एकशे तीस. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"सामानाचा प्रश्न नाही. यांना कायमचं नेताय का?"

"मग काय तर. या वयात असं रस्त्यावर राहायचं? कॅरॅव्हानला गिऱ्हाईकसुद्धा बघितलंय मी."

हे मला तेव्हा कळलं. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. कॅरॅव्हानला ते आधीच ठाऊक होतं.

"मी चार दिवस जाईन," मी साहेबांना म्हटलं. "पाहुणी म्हणून. पाचव्या दिवशी परत."

"मग यांना तसं म्हणावं लागेल."

"बरं बाई, चार दिवस," श्रीरंग काट्याकडे बघत म्हणाला. एकशे अठ्ठावीस.

"मनापासून म्हणा," साहेब म्हणाले. "मागे गाड्या खोळंबल्यात."

"रंगा, तुझा जीव तुटतो माझ्यासाठी, दिसतं मला," मी म्हटलं. "पण हे घर विकलंस तर मी इथे चौकीवर राहीन. थोरवेसाहेब चहा देतील मला."

साहेबांनी मान डोलावली.

श्रीरंगने गिऱ्हाईकाला फोन लावला. "विकायची नाही," एवढंच बोलला.

साठ.

साहेबांनी दगड काढले. श्रीरंगने सगळं सामान परत आत लावलं, कुंडी माझ्या खिडकीत ठेवली, आणि जीपमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला. मी वजनकाटा त्याच्या मांडीवर दिला.

"नीट धर," मी म्हटलं. "पाचव्या दिवशी सकाळी तुझ्या पार्किंगमध्ये लागेल."

आणि गाडी घाटाला लावली.