गोदा अजून काठावरच

मानसने दिल्लीतल्या गोल मार्केटचं सरकारी क्वार्टर सोडून नोएडात फ्लॅट घेतला आणि गृहप्रवेशाचे गुरुजी यमुनेच्या पुलावर अडकल्यामुळे सत्यनारायण दुपारी चारला सुरू झाला, ते साल १९९४. त्याच साली सोसायटीतल्या मराठी कुटुंबांच्या लक्षात आलं की घरोघरी केबल आल्यामुळे वाचनसंस्कृती धोक्यात आहे. धोका गंभीर असल्याने वाचक मंडळ स्थापन झालं. एका मंत्रालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेले राजाभाऊ टेंबे अध्यक्ष झाले, कारण लेटरहेड त्यांनी आधीच छापून आणलं होतं.

मंडळाचं काम साधं होतं. पुण्याहून पुस्तकांचं खोकं आलं. प्रत्येकाने महिनाभर वाचायचं आणि शेवटच्या रविवारी राजाभाऊंच्या हॉलमध्ये, पोह्यांच्या आधी, आपला वाचन-अहवाल सादर करायचा. किती पुस्तकं पूर्ण केली, त्यातलं आवडतं कोणतं. काहीच वाचलं नसेल तर निरंक अहवाल द्यायचा. अहवाल मात्र हवाच.

मानसची आई इंदुमतीबाई पन्नाशीनंतर अक्षरं शिकल्या होत्या, नात स्वानंदीच्या शेजारी बसून, तिच्याच पाटीवर. त्या ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायच्या. जोडाक्षर आलं की थांबून त्याला नीट न्याहाळायच्या, मग पुढे जायच्या. त्यांच्या वाट्याला एक जाडजूड कादंबरी आली. तिच्यातली गोदा नावाची बाई लहानपणापासून सगळ्यांचं ऐकत आलेली. ती मनात काय बोलते, ते सगळं तिथे छापलेलं होतं. इंदुमतीबाईंना हे नवीन होतं. बायकांच्या मनातलं कुणी छापतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहू लागल्या.

पहिल्या सभेत सूर्यकांत पाध्यांनी अकरा पुस्तकं पूर्ण केल्याचं सांगितलं. शेजारच्या लतिकाने नऊ सांगितली, "आणि एक हिंदी, पण ते धरू नका." टाळ्या झाल्या.

"इंदुमतीबाई?"

"माझं चालू आहे. गोदाचं नुकतंच लग्न ठरलंय."

"चालू असा रकाना नाही," राजाभाऊ म्हणाले. "पूर्ण, नाहीतर निरंक."

"पण मी रोज वाचते हो."

"आपल्या गेटसमोरचा रस्ता रोज खणतात. म्हणून रस्ता झाला असं आपण म्हणतो का?" आणि त्यांनी निरंक लिहिलं.

दुसऱ्या महिन्यात निरंक, तिसऱ्यात निरंक. मार्च उजाडला. राजाभाऊंच्या अंगात चौतीस वर्षांची नोकरी होती. मार्चअखेर न वापरलेला निधी परत जातो, त्याच न्यायाने सलग तीन निरंक अहवालांचं पुस्तक न वापरलेलं समजून परत घेण्यात आलं. तेव्हा गोदा नवरा, सासर सगळं सोडून एक ट्रंक घेऊन नदीकाठी उभी होती आणि नावाडी विचारत होता, "बसता का, बाई?"

मानसने पुण्याला फोन लावला. सगळ्या प्रती संपल्या होत्या आणि प्रकाशकाच्या जागेत आता एसटीडी बूथ निघाला होता.

दरम्यान कादंबरी मंडळात फिरली. एका महिन्यात ती सातजणांनी पूर्ण केली. जाड असल्यामुळे अहवालात तिला वजन होतं. सातही जणांनी तीच आवडती म्हणून नोंदवली. इंदुमतीबाईंना आनंद झाला. आता कुणीतरी सांगेल.

"लतिका, गोदा नावेत बसते का गं?"

"काकू, सस्पेन्स कसा फोडू यार? पण बसते, बिल्कुल बसते. मस्त सीन आहे."

"नाव?" सूर्यकांतराव म्हणाले. "नाव कुठली? रेल्वेने जाते ती. मला चांगलं आठवतंय, डबा रिकामा असतो."

राजाभाऊ म्हणाले, "एकूण आशय सकारात्मक आहे."

पुढच्या सभेत कादंबरी एकमताने मंडळाचं सर्वांत आवडतं पुस्तक ठरली. आवडतं पुस्तक जपलं पाहिजे, आणि वाचल्याने पुस्तक झिजतं, यावर दुमत नव्हतं. काचेचं कपाट आलं. पुस्तक पहिल्या पानावर उघडून आत ठेवलं गेलं, त्याला चंदनाचा हार घातला आणि कुलूप लावलं.

"कुलूप राहू द्या," इंदुमतीबाई म्हणाल्या. "मी बाहेर उभी राहून वाचते. तुम्ही तेवढं पान उलटत जा."

उपसमिती नेमली गेली. तिने सहानुभूतीपूर्वक विचार करून शिफारस केली की दर मासिक सभेत अध्यक्षांच्या हस्ते एक पान उलटावं. सुरुवातीपासून, क्रमाने.

"अहो, मी नदीपर्यंत आलेय! पुन्हा पाळण्यापासून कशाला?"

"मध्येच उघडलं, तर ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यावर अन्याय होईल."

"पण सगळ्यांनी वाचलंय ना?"



"पोहे गार होतायत," लतिका म्हणाली.

तेव्हापासून दर शेवटच्या रविवारी इंदुमतीबाई चष्मा पुसून कपाटाशी उभ्या राहत. राजाभाऊ पान उलटत, सभासद टाळ्या वाजवत आणि पोह्यांकडे वळत. इंदुमतीबाई ती दोन पानं, आधी वाचलेली असूनही, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत. घरी मानस म्हणे, "आई, सोड ना आता. एवढं काय आहे त्यात?"

"तिला नावाड्याने विचारलंय रे," त्या म्हणत. "मला असं कुणी कधी विचारलं नाही. ती काय म्हणते, ते मला बघायचंय."

दीड वर्षात गोदा रांगायला लागली.

पुढे मंडळाने शोकसभा घेतली. कैलासवासी इंदुमतीबाईंचे सर्व निरंक अहवाल मरणोत्तर पूर्ण समजावेत, असा ठराव झाला. त्यावर टाळ्या वाजवाव्यात की नाही, यावर थोडा मतभेद झाला. त्यांच्या स्मरणार्थ कपाटाचं कुलूपही काढलं गेलं. कुणीही यावं, हवं ते पान उघडावं, घरी न्यावं. अजून कुणी नेलेलं नाही. हारावरची धूळसुद्धा जशीच्या तशी आहे.

मंडळाला हसणं सोपं आहे. तुम्हीही इथवर माना डोलावत आलात, गोदाची थोडी काळजीही केली असेल. पण त्या कादंबरीचं नाव काय, हे काही तुम्ही विचारलं नाहीत.

इंदुमती आगाशे १९९७ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी वारल्या.