ताट ज्याचं त्याचं

अश्विनचा एकदा निश्चय झाला की झाला! कुरखेड्यात आजवर झालं नाही असं नामकरण आपल्या लेकीचं होणार, आणि पंगत उठल्यावर अंगणात कचऱ्याचा कपटाही दिसणार नाही, हे त्याने दिसेल त्याला ऐकवून ठेवलं होतं. हाडं पडतात म्हणून कोंबडं बंद! कागदाच्या पत्रावळ्या बंद! "जेवाले या, आन ताट घरून घेऊन या!"

"लोक काय म्हनतीन?" त्याची बायको नूतन बाळाला थोपटत म्हणाली. "आन बाबा राजुऱ्याहून येऊन राह्यले. बिना कोंबड्याचं त्याइले जेवन जात नाई."

"मामाजी तं खूश होतीन! पाहाच तू."

खरी मेख तीच होती. सासरे देवाजी कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, स्वभावाने कडक. लग्नात भर मांडवात बोलून गेले होते, "पोरगा गुनाचा हाय, पन याच्या हातून एक काम धड होईन तं शपथ!" ते वाक्य अश्विनला अजून टोचत होतं. आज सासऱ्यांनी ते गिळायलाच हवं होतं.

म्हणून सकाळपासून त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. वरणात डोकाव, वांग्यात डोकाव, फाटकापर्यंत जा, परत ये! पंगत मात्र झकास झाली. लाखोरीच्या डाळीचे वडे संपेपर्यंत कोणी उठेना. देवाजींनी कोंबड्याची चौकशी एकदाच केली आणि गुमान जेवले. अश्विनला आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात त्याला पाणी वाचवायची हुक्की आली. ज्याने त्याने आपलं ताट वेगळं कशाला धुवायचं? सगळी ताटं एकाच घंगाळात टाका, राखेने घासा! घासून झाली आणि अंगणात ताटांचा डोंगर उभा राहिला.

"आता माहं ताट कोनतं, बाप्पा?" शेजारच्या गिरजाबाईंनी विचारलं.

सगळीच गोल, सगळीच स्टीलची! गलका वाढला. देवाजी खुर्चीवरून टक लावून बघत होते. तेवढ्यात अश्विनला ताटांच्या काठांवर कोरलेली नावं दिसली. सुटलो! तो स्टुलावर चढला आणि नावं पुकारत ताटं वाटू लागला.

"गिरजाबाई मडावी!" त्यांनी ताट घेतलं. "गिरजाबाई मडावी!" पुन्हा घेतलं. बघता बघता त्यांची पिशवी भरली.

ताटावरचं नाव लग्नात ते देणाऱ्याचं असतं, मालकाचं नव्हे, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण अश्विनचं डोकं त्या घटकेला ठिकाणावर नव्हतं.

"अबे, ते ताट माह्या घरचं हाय!" पंगतीतला मुखरू ओरडला. "गिरजाबाईले काऊन देऊन राह्यला?"

"माहं नाव हाय ना त्याच्यावर!" गिरजाबाई म्हणाल्या.

"तुमीच देल्लं होतं माह्या लग्नात! मंग मले कोनतं?"

"तुह्या नावाचं ताट गावात हाय कुठी? तू लगनात फक्त जेवाले येतं!"

हशा पिकला, मग हमरीतुमरी सुरू झाली. या गोंधळात अश्विनने घाईघाईत पुढचं ताट वाचलं, "देवाजी यांजकडून चि. सौ. कां. नूतन हिस..." आणि ते झटकन छातीशी धरलं.

"हे तं मी आनलं!" गिरजाबाई भाबडेपणाने म्हणाल्या. "माह्या पोराच्या लग्नात अश्विनभाऊनंच देल्लं."

देवाजी उठले. "माह्या पोरीच्या आंदनातलं ताट वाटून टाकलं?"

"मामाजी, ते... घरातलीच वस्तू पुन्हा वापरात आनली. नवीन कायले..." अश्विनला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. नूतनने कपाळावर हात मारला.

मुखरूने अश्विनच्या हातातलं ते ताट ओढून उलटं केलं. "अन् इथी मांगून आखीन एक नाव हाय. खरवडलेलं. बिरजू यांजकडून... देवाजी यांस... नवीन घराच्या वेळी!"

देवाजींनी ताट हिसकावलं, काखेत मारलं आणि जावयाला दंडाला धरून घराच्या मागे नेलं.

"जवाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "पुढच्या कार्यक्रमाले कागदाच्या पत्रावळ्या आना. त्याच्यावर कोनाचं नाव नसते."