सासऱ्यांपर्यंतचा उतार

बायकोने मला एवढंच सांगितलं होतं, "पुढच्या महिन्यात बाबा येतायत. चार पायांचं एक साधं जेवणाचं टेबल घेऊन या." यात न समजण्यासारखं काही नव्हतं. पण मी पडलो पाणीपुरवठा खात्यातला कारकून. (हुद्दा कारकुनाचा, डोकं इंजिनियरचं, असं माझं मीच मला सांगत असतो.) रेकॉर्डच्या कपाटात मला एक जुना नकाशा सापडला होता: कमानींवरून नदीपलीकडे पाणी नेणारा दगडी पूल. म्हटलं, टेबल करायचं तर असं, आणि तेही स्वतःच्या हातांनी.

सासरे याच खात्यातले निवृत्त इंजिनियर. लग्नाला बारा वर्षं झाली, पण माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून एक बरा शब्द निघाला नव्हता. तो मला एकदा ऐकायचा होता.

महिनाभर गॅलरीत करवत चालवली. लाकूड देणारा सुतार एकदा डोकावून गेला.

"साहेब, हे एका बाजूला उतरतंय."

"उतरणारच. मूळ पूल तसाच आहे."

"आणि वर मधोमध ही पन्हळ?"

"पाणी तिच्यातूनच जायचं."

"त्या पुलावर कोणी जेवायचं का?"

(सुताराला इतिहासाची गोडी नव्हती, म्हणून मी उत्तर दिलं नाही.) नकाशातला उतार इतका बारीक होता, की टेबलाच्या सहा फुटांत दिसलाच नसता. मी तो चांगला दोन इंच केला.

सासरे आले. त्यांना मानाची, टेबलाच्या उतरत्या टोकाची, पंख्याखालची खुर्ची दिली. कमानींमुळे कोणाचेच गुडघे आत जाईनात, तेव्हा सगळे तिरके बसलो. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला फार भीती वाटते.

वाढायला म्हणून मी सूपचं भांडं उचललं आणि माझा गुडघा कमानीवर आपटला. सूप सांडलं. दुसऱ्या कुठल्याही टेबलावर ते तिथेच पसरलं असतं. इथे ते पन्हळीत शिरलं, बायकोला ओलांडून, मुलीला ओलांडून, एक थेंबही इकडेतिकडे न जाता सासऱ्यांच्या मांडीवर पडलं. (नशीब, बसण्याच्या खटपटीत ते गार झालं होतं.)

सासरे उठले नाहीत. त्यांनी वाकून पन्हळीला डोळा लावला. मग नातीला म्हणाले, "त्या टोकाला थोडं पाणी ओत गं." तिने ओतलं. तेही त्यांनी शांतपणे मांडीवर घेतलं.

"उतार बिनचूक आहे," ते म्हणाले. "खात्यात असं काम क्वचित बघितलं."

बारा वर्षं थांबलो होतो मी. माझे डोळे भरून आले.

"फक्त इथे खुर्ची नको," ते पुढे म्हणाले. "बादली हवी."

आता आम्ही सुताराने एका दिवसात केलेल्या चार पायांच्या टेबलावर जेवतो. माझं टेबल स्वयंपाकघरात आहे, खालचं टोक सिंकवर. धुतलेली भांडी त्यावर पालथी घालायची, पाणी आपोआप निथळून जातं. भांडी मीच घासतो, कारण ज्याची योजना त्यानेच ती चालवायची, असं बायकोचं म्हणणं आहे.

सासऱ्यांनी पूर्वी मला कधी फोन केला नव्हता. आता दर रविवारी करतात. पाणी तुंबत नाही ना, एवढं विचारतात आणि ठेवून देतात.