बगळ्याची चुंबळ

ज्यांनी कोणी हा नियम केला, त्यांनी जन्मात डोक्यावर केसांना चोपडायच्या मलमाखेरीज काहीही वाहिलेलं नाही. हे तोंडावर सांगतोय, कारण पाठीमागे बोलून बोलून कोरियातल्या सोल शहराच्या नामदेमुन बाजारातल्या आम्हा सगळ्यांचे घसे बसले.

गोष्ट चुजाची. तळघरातल्या खाणावळीतून वरच्या दुकानांत जेवण पोचवायचं तिचं काम. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर सात ताटांची चळत, दोन्ही हात मोकळे. वाटेत हातगाड्या, गिऱ्हाइकं, जिने. ती जिना उतरते तेव्हा रश्श्यावर तरंग उठत नाही. तिची मुलगी गारम ओट्याखाली बसून आईचे पाय बघत लहानाची मोठी झाली. इतकं ओझं वाहून आईचे गुडघे शाबूत, पण मान मात्र उशीला टेकू देत नाही, हे असं का? पोरीला कॉलेजात एवढंच शिकायचं होतं. माणूस हलतो कसा, चालतो कसा.

"शाखा मी निवडते," चुजा छाती पुढे काढून म्हणाली. "अख्ख्या बाजारात कुठे काय मिळतं ते मला डोळे मिटून सांगता येतं. कॉलेज काय, त्याहून मोठं थोडंच असणार!"

तिथेच घोडं पेंड खायला लागलं. वर्गशिक्षकांनी सांगितलं, हालचाल म्हणजे शारीरिक शिक्षण. मग गारमला त्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला घातलं. तिथे वजनदार चेंडू डोक्यावरून पुढे फेकायचा असतो. गारमने फेकला तो मागे, थेट मास्तरांच्या अंगठ्यावर. मास्तर पुढे आठवडाभर जसे चालत होते, त्या चालीचा खरोखर अभ्यास व्हायला हवा होता. भौतिकोपचाराला गुण कमी पडत होते, तरी अर्ज ठोकला. कापडवाला म्हणाला नृत्य. बटणवाला म्हणाला यंत्रशाखा, हल्ली यंत्रमानव चालतात, माणसं बसून असतात. वाफवलेली आतडी विकणाऱ्या पिल्सुन मावशीने सुरी ओट्यावर आपटून निकाल दिला, "पाय ते पाय. माणसाचे काय, जनावराचे काय. पशुविज्ञान टाक."

सहा ठिकाणी अर्ज करता येतो. पाच अर्ज बाजाराने भरले. सहावा गारमने गुपचूप स्वतः भरला, मानवी हालचालींच्या विभागात. तिथे उड्या नाहीत, चेंडू नाहीत. मार्क बघतात आणि मुलाखत घेतात.

आणि मुलाखतीला तो नियम! नाव सांगायचं नाही, शाळा सांगायची नाही, गणवेश घालायचा नाही, आणि आईबाप काय करतात याचा चकार शब्द निघाला की बाद. नियम म्हणे आमच्याच भल्याचा. डॉक्टरांच्या पोरांनी बापाची पाटी मिरवू नये म्हणून. मान्य. पण गारमला हा विषय का हवा, याचं उत्तर आईपासून सुरू व्हायचं आणि आईपाशीच संपायचं. आईला वगळलं की उरत होतं फक्त "नमस्कार".

खाणावळीत तालीम सुरू झाली. पिल्सुन मावशी प्राध्यापक झाली. गारमच्या तोंडून "आई" निघालं की चुजा पळीने पातेलं वाजवायची. आधी आईची "ओळखीची एक बाई" केली. मावशी म्हणाली, बाई म्हटलं की विचारणार कोण बाई. मग "एक व्यक्ती" केली. तेही पकडलं जाईल. शेवटी मावशी वैतागली.

"माणूसच काढून टाक गं. बगळा म्हण. बगळ्याला कोण विचारतंय धंदा काय?"

मुलाखतीच्या दिवशी थंडी मी म्हणत होती. चुजा काम अर्धं टाकून पोरीला फाटकापर्यंत पोचवायला गेली. तिथे पोचल्यावर हात डोक्याकडे गेला आणि तिला घाम फुटला. चुंबळ डोक्यावरच! आता कोणीही ओळखेल. तिने ती झटकन काढून गारमच्या पिशवीत कोंबली. वर पोरगी कॉलेजला चिकटावी म्हणून सगळे देतात तशी तांदळाची चिकट चिक्की ठेवली, आणि बोटं गारठू नयेत म्हणून हात शेकायची गरम पुडी. पुडी नेमकी चिक्कीखाली गेली.

आत काय झालं ते गारमने नंतर फाटकाशी सांगितलं. प्राध्यापकांनी विचारलं, हाच विषय का? ती म्हणाली, मी रोज एक बगळा बघते. तो डोक्यावर सात ताटं घेऊन जिना उतरतो.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. "बगळा?"

"हो. गुडघे ठणठणीत आहेत. मान दुखते."

"करून दाखव पाहू."

त्यांनी टेबलावरच्या फायलींची चळत पुढे केली. नुसत्या डोक्यावर चळत राहीना. गारमने पिशवीतून चुंबळ काढली, डोक्यावर ठेवली, त्यावर फायली ठेवल्या आणि खोलीत अशी चालली की एक कागद हलला नाही. प्राध्यापक अर्धे उठून उभे राहिले. हे कुठे शिकलीस, कोणी शिकवलं? गारम म्हणाली, सांगता येत नाही. प्राध्यापकांचं तोंड पुन्हा उघडलं तसा कोपऱ्यातला नियमवाला साहेब खाकरला.

फायली उतरल्या. चुंबळ उतरेना. चिक्की वितळून तिच्यात मुरली होती आणि आता केसांत घट्ट बसली होती. गारमने ओढली, प्राध्यापकांनी ओढली. साहेबांनी हात लावला नाही, फक्त लिहिलं. उरलेली मुलाखत पोरीने चुंबळ घालून दिली, आणि चुंबळ घालूनच ती बाहेर आली. चुजाने ते ध्यान पाहिलं आणि फाटकाशीच चुंबळ ओढायला धावली.

गारम बाद. चुजाने फोन करून कारण विचारलं. पलीकडून उत्तर आलं, पालकांचा व्यवसाय सूचित झाला.

बाकी ठिकाणांहूनही नकारच आले. तिला घेतलं फक्त पशुविज्ञानवाल्यांनी. पिल्सुन मावशी अजून सगळ्यांना आतडी फुकट वाटतेय. चुजाने मुलाखतीच्या रात्रीच चुंबळीतून पोरीचे केस सोडवले होते, काही कापले होते. आता ती म्हणाली, "बगळ्याची मान तरी नीट शिक."

आता त्या साहेबांना एकच विचारायचं आहे. पोरीने बगळा म्हटलं. प्राध्यापकांनीही बगळाच ऐकला. खोलीत कोणाच्याही तोंडून "आई" हा शब्द निघाला नाही. मग त्या बगळ्यात तुम्हाला तिची आई दिसली कशी? रोज बाराच्या ठोक्याला तुमच्याही टेबलावर जेवण कोणीतरी आणून ठेवतं, म्हणून? उत्तर द्या. चुजा जिन्यात उभी आहे, ताटं डोक्यावर आहेत, आणि तिला मान वळवता येत नाही.