जावईबापूंचं बीपी

जावईबापूंचं बीपी पुन्हा वाढलेलं निघालं, आणि बायकोने आणलेला चहा तसाच परत आत नेला.

बीपी मोजायचं ते मशीन ज्या कंपनीचं, तिचे शेअर जावईबापूंनी घेतले होते. तेवढ्यावर भागलं असतं; पण दुसऱ्याचं भलं केल्याशिवाय या गृहस्थांना चैन पडत नाही. सासरे निवृत्त झाले तेव्हा फंडाची सगळी रक्कम त्यांनी याच शेअरांत घालायला लावली. "बाबा, डोळे झाकून ठेवा," असं छातीठोकपणे सांगितलं आणि वर एक मशीनही भेट दिलं. शेअर चढतच गेला. जो मशीन घेई त्याचं बीपी वाढलेलं निघे, मग तो घाबरून भावाला, बहिणीला, व्याह्यांना एकेक मशीन घेऊन देई. सासुरवाडीत जावईबापूंचा शब्द खाली पडेनासा झाला.

शेवटी बायकोच्या धाकाने ते ऑफिसच्या मधल्या सुट्टीत डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी आपला पट्टा दंडाला बांधला, सोडला.

"ठणठणीत आहात."

"कसं शक्य आहे? घरी तर..."

"त्या मशीनवर विसंबू नका हो. सगळ्यांनाच वाढलेलं दाखवतंय. कंपनी सगळी मशीनं परत मागवतेय, आजच जाहीर झालं."

दुसरा कोणी पेढे वाटत सुटला असता. जावईबापूंना दरदरून घाम फुटला. "डॉक्टर, नीट बघा ना. थोडं तरी वाढलं असेल!"

डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधला. "हो, आता वाढलंय."

बाहेर येऊन त्यांनी फोन उघडला. शेअर गडगडला होता; विकायला सगळे उभे, घेणारा एकही नाही. आपले गेले ते गेले, पण म्हाताऱ्याची आयुष्यभराची कमाई आपल्या जिभेपायी बुडाली, हे त्यांच्याने सोसवेना. ते तडक सासऱ्यांकडे पोचले. सासरे दाराची कडी दुरुस्त करत होते.

"बाबा, मला माफ करा. तुमचा सगळा पैसा..."

"अहो, आधी बसा. माझे शेअर मी मागच्या महिन्यातच विकले."

"विकले? का?"

"तुमच्या मशीनने माझं बीपी दोनशेच्या घरात दाखवलं. मग सहज उशीला बांधून बघितलं." सासऱ्यांनी आवाज खाली आणला. "उशीचंही तेवढंच!"

जावईबापूंचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ डोकं तापलं. "मग मला नाही का सांगायचं? माझे सगळे बुडाले की!"

"सांगणारच होतो हो. फोनही लावला होता," सासरे ओशाळून म्हणाले. "पण तो लेकीने उचलला. म्हणाली, बाबा, यांना आत्ता असलं काही सांगू नका, यांचं बीपी फार वाढलंय."