केशतेलाला दिलेलं उत्तर

गेल्या ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता सातवीच्या वर्गाच्या ब्लॉगवर एका नोंदीखाली केस वाढवणाऱ्या तेलाची जाहिरात आली. साडेअकराला वर्गाने तिला उत्तर दिलं : 'नमस्कार. आमच्या वर्गात सर्वांना केस आहेत. सरांना कमी आहेत, पण त्यांची तक्रार नाही. तुमच्याकडे पाऊस आहे का?'

सर म्हणजे हिरेमठ सर. सात रस्त्याजवळच्या शाळेत शिकवायचे. राहायला आमच्या वरच्या मजल्यावर, एकटे. ब्लॉगवर कोणाचीही प्रतिक्रिया दिसली की ते "बर्री, बर्री" म्हणत. कन्नडमध्ये, या, या. मग वर्गाला हुकूम : "पाहुणा दारात उभा हाय. पाणी द्या की!" पाणी म्हणजे उत्तर. ते शाळा सुटायच्या आत गेलंच पाहिजे.

मी वर्तमानपत्रात बातम्या तपासतो. त्यांना जिन्यात गाठून सांगितलं, "सर, जाहिरात यंत्राने टाकलेली असते."

"असू द्या की हो. दारात आलाय नव्हं? लिंक उघडायची न्हाय, हे पोरांना सांगितलंय. पाण्याला काय हरकत?"

माझी मुलगी सई त्याच वर्गात होती. आम्ही करकंबहून सोलापुरात आलो, तेव्हा तिच्या 'हितं-तितं'ला मुलं हसली होती. त्यानंतर दोन महिने ती वर्गात बोलली नाही. सरांनी तिला बोलायला सांगितलं नाही. पाणी द्यायचं काम मात्र तिच्याकडे दिलं.

पुढे तिने स्वतः एक नोंद लिहिली : आजोबा संध्याकाळी म्हशीला हाक मारून कसे बोलावतात. न्यूझीलंडमधल्या एका मुलीने विचारलं, ती हाक कशी असते?

"आता हे लिहून कसं सांगणार?" सर म्हणाले आणि रेकॉर्डिंग सुरू करून मोबाइल सईपुढे धरला.

सईने हाक मारली. शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले. वर्ग हसला, सईही हसली. आठवड्याने त्या मुलीने कळवलं की ती हाक तिने आपल्या गायींना ऐकवली. गायी आल्या नाहीत, पण सगळ्यांनी माना वर केल्या. त्या दिवसापासून सई घरीही जेवताना वर्गातलं सांगू लागली. मी सरांचे आभार मानायला वर गेलो.

दाराशी स्टुलावर ताटलीत दोन तांबे होते, झाकलेले. "कोण येणार आहे का?" मी विचारलं.

"आलं तर असावं," सर म्हणाले.

ते पाणी सर रोज संध्याकाळी खाली अंगणातल्या तुळशीला घालतात, हे मला खिडकीतून दिसायचं.

सर यंदा मेअखेर निवृत्त झाले. शाळा उघडली त्या सोमवारी ब्लॉगवर त्यांची पहिली नोंद आली : 'साडेदहाला तयार होऊन बसलो. घंटा झाली नाही. तुमच्याकडे निवृत्त माणसं सकाळी काय करतात?'

बुधवारी संध्याकाळपर्यंत खाली एकही प्रतिक्रिया नव्हती. सईने माझा मोबाइल मागून घेतला आणि लिहिलं : 'सर, पाहुणे दारात उभे हायत. पाणी द्या की.'

चार मिनिटांनी उत्तर आलं : 'बर्री, बर्री.'

तोवर सई चपला घालून जिन्यात पोचली होती. वर कडी काढल्याचा आवाज आला.